६० किलो दगड, २ किलो लोखंड

बारावीच्या रसायनशास्त्रात संक्रमण मूलद्रव्यांच्या धड्यात झोतभट्टीची आकृती येते. वरून धातुक, कोक आणि चुनखडी, बाजूने गरम हवेचा झोत, खाली एका तोंडातून मळी, म्हणजे वितळून वेगळा झालेला टाकाऊ भाग, आणि दुसऱ्यातून लोखंड. गेली सोळा वर्षं मी ती फळ्यावर काढते आहे, इतकी की खडू आपोआप फिरतो. डोक्यात चित्र असं की दगड तापतो, वितळतो आणि लोखंड खाली गळतं. लोणी कढवलं की तूप वेगळं, बेरी वेगळी, तसंच काहीतरी. हे चित्र चुकीचं आहे हे कळायला मला साडेचार महिने, २२,२०० रुपये आणि एक वाया गेलेला रविवार लागला.

कुणाला असं दगडापासून स्वतः लोखंड काढून बघायचं असेल, विशेषतः शाळा-कॉलेजातल्या कुणाला, तर कागदपत्रांसकट सगळं सांगते.

मोठी झोतभट्टी आपल्या आवाक्यातली गोष्ट नाही. तिथून निघतं ते साधारण चार टक्के कार्बन मुरलेलं, पाण्यासारखं वाहणारं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्याच्या आधी हजारो वर्षं लोक छातीएवढ्या मातीच्या भट्टीत लोखंड काढत होते. आमच्याच नागपूर जिल्ह्यात, पेंच नदीच्या काठी नायकुंडला महापाषाणकालीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळायच्या भट्टीचे अवशेष, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि मळी सापडली आहे. म्हणजे अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या माणसांना जे जमत होतं, ते एमएस्सी झालेल्या बाईला जमायला हरकत नसावी, असा माझा हिशोब होता.

४ सप्टेंबर २०२४ ला, पोळ्याच्या सुट्टीनंतर, मी धातुकासाठी पहिला अर्ज दिला. आधी तलाठी कार्यालयात गेले होते, कारण मुरूम-वाळूची परवानगी तिथूनच सुरू होते एवढं ऐकून होते. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं की मुरूम, वाळू, गिट्टी हे गौण खनिज. लोहखनिज हे प्रधान खनिज, त्याचा आमच्याशी संबंध नाही. ही पहिली शिकवण. पडीक जमिनीवर सापडलेला लाल दगड पोत्यात भरून आणला, तरी १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याप्रमाणे विनापरवाना वाहतूक आणि साठा हा गुन्हाच. ‘शिक्षणासाठी होतं हो’ हे उत्तर तिथे चालत नाही. सरळ मार्ग एकच: खाणपट्टा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून बिलासकट आणि वाहतूक पासासकट घ्यायचं.

प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन खनिकर्म कार्यालयात गेले. तेवीस दिवसांनी तोंडी उत्तर मिळालं की खाणवाल्याने दिलं तर आमची ना नाही, पास मात्र हवाच आणि वापर झाल्यावर हिशोब लिहून द्या. मग विदर्भातल्याच एका खाणीला पत्र, ईमेल, पुन्हा पत्र. तेवढ्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. तिकडची माणसं कामात, इकडे मला निवडणुकीची ड्युटी. २० नोव्हेंबरला मतदान केंद्रावर शाई लावत बसले असताना खाणीतून फोन आला, आणि तो घेता आला नाही. पुन्हा लागायला आठ दिवस.

१३ डिसेंबरला ६० किलो हेमॅटाइट, म्हणजे लाल लोहखनिज, हाती आलं. किंमत जीएसटीसकट ४७० रुपये. आणायला डिझेल-टोलचे ३,२००. एक गोष्ट लक्षात ठेवा: पासावर गाडीचा नंबर असतो आणि पासाला वेळेची मुदत असते. भाच्याची गाडी आयत्या वेळी बिघडली, आम्ही दुसरी नेली, आणि पास नव्याने काढेपर्यंत खाणीच्या गेटवर साडेतीन तास उन्हात बसलो. दोन पोती दगड आणि तीन माणसं.

कोळशाचंही असंच आहे. वन अधिनियमात लाकडी कोळसा वनोपजात मोडतो, तेव्हा कुणाच्या शेतातून गुपचूप आणू नका. हॉटेलांच्या तंदूरला कोळसा पुरवणारे व्यापारी असतात, त्यांच्याकडून पक्क्या बिलावर घ्या. मी ९० किलो घेतला, ४६ रुपये किलोने. दगडी कोळसा किंवा घरगुती वापराच्या कोळशाच्या वड्या चालणार नाहीत. दगडी कोळशातला गंधक लोखंडात उतरतो आणि ते तापवून ठोकताना तडकतं.

जागा मिळाली तालुक्यातल्या एका लोहारकाकांच्या आवारात. पासष्टीचे आहेत, विळे-कुऱ्हाडी ट्रकच्या कमानपाट्यातून करतात. दगडापासून लोखंड होतं हे त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं, पण पाहिलेलं नाही. मी सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाले, “म्हणजे गोटे शिजवून राहिल्या का मॅडम तुम्ही?” मी हसले. तेव्हा शब्द नीट ऐकला नाही.

ग्रामपंचायतीच्या ना हरकतीत मात्र शब्दानेच घोळ घातला. अर्जात मी ‘भट्टी’ लिहिलं. पहिला प्रश्न आला, वीटभट्टी का? त्याचे कागद वेगळे लागतात. दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात: “दुसरी तर नाही ना?” आमच्याकडे नुसती भट्टी म्हटलं की लोकांना मोहाच्या दारूचाच वास येतो. शेवटी ‘एकदिवसीय शैक्षणिक प्रात्यक्षिक, मातीची चूल’ असं लिहून दिलं, तेव्हा शिक्का बसला. पोलीस पाटलांनाही कल्पना देऊन ठेवली.

आता दगड. धातुक किती कसाचं आहे ते मी कॉलेजच्याच प्रयोगशाळेत डायक्रोमेट अनुमापनाने काढलं: लोह ६२ टक्के. शुद्ध हेमॅटाइटमध्ये ते सुमारे ७० असतं, त्यामुळे हा चांगलाच माल. मग दगड आधी लाकडाच्या जाळात दोन तास भाजले. भाजल्याने ओल जाते, दगडाला बारीक भेगा पडतात आणि फोडणं सोपं होतं. थंड झाल्यावर सहज चुंबक फिरवला. सकाळी चुंबकाला दाद न देणारे लालसर तुकडे आता बाहेरून काळपट झाले होते आणि त्यातले पाच-सहा टपकन चिकटले. जाळाखाली दबून धुरात भाजलेले तेवढेच. हेमॅटाइटमधला थोडा ऑक्सिजन निघून त्याचं मॅग्नेटाइट झालं होतं. क्षपणाची पहिली पायरी एका साध्या शेकोटीत पार पडली होती आणि मी ती चुंबकाच्या टोकावर धरून उभी होते.

फोडून, चाळून हरभऱ्याच्या डाळीपासून हरभऱ्याएवढा माल ४५ किलो निघाला. बारीक भुकटी १२ किलो. भुकटी भट्टीत टाकायची नाही, ती कोळशाच्या फटी बुजवते आणि हवा अडते. उरलेले तीन किलो नमुन्यात, ओलीत आणि आमच्या केसांत गेले.

भट्टीसाठी विदर्भातली काळी माती वापरू नका, वाळताना ती फाटते. पांढरी माती, तेवढीच वाळू, थोडी अग्निमाती आणि बारीक कापलेलं तणस, असं पायाने तुडवून घेतलं. पत्र्याची गुंडाळी मधे उभी करून भोवती लिंपलं. आतला व्यास २८ सेंटिमीटर, उंची ९५, भिंत चार बोटं. तळापासून वीतभर वर भात्याची नळी, जराशी खाली झुकलेली. समोर मळी काढायला दार. वाळवायला दहा दिवस आणि रोज छोटा जाळ. पडलेल्या भेगा रोज त्याच मातीने बुजवायच्या.

२९ डिसेंबर, रविवार. पहिला प्रयत्न. तेरा-चौदा विद्यार्थी, दोन सहकारी, काका आणि निम्मं गाव. भाता ओढण्याऐवजी २,७५० रुपयांचा विजेचा ब्लोअर लावला होता. उत्साहात तो पूर्ण उघडला. ज्वाळा पुरुषभर वर गेली, सगळ्यांनी मोबाइल काढले. दोन किलो कोळसा टाकला की पाच मिनिटांत खाली बसायचा, की पुन्हा कोळसा आणि वर धातुक. अशा दहा घाण्यांत १६ किलो दगड तासाभराच्या आतच आत गेला. मला वाटलं, काय झकास चाललंय.

मधेच मी वरून डोकावून पाहिलं. ही चूक कुणी करू नये. ज्वाळा क्षणभर विझली होती आणि मी जे श्वासात घेतलं त्यात भरपूर कार्बन मोनॉक्साइड होता. डोकं गरगरलं, गुडघे गेले. सहकाऱ्याने मागे ओढलं. तासभर डोकं दुखत होतं. या वायूला रंग नाही, वास नाही. उघड्यावरच काम करा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, गजर वाजणारं यंत्र जवळ ठेवा (मला १,८५० ला पडलं), आणि भट्टीच्या तोंडावरची निळसर ज्योत कधी विझू देऊ नका. ती जळते आहे म्हणजे विष जळतंय.

दुपारी दार फोडलं. आतून आली काळी, चकचकीत, जड काच. भरपूर. लोखंड शून्य. मी हातोडीने तुकड्यामागून तुकडा फोडत होते आणि प्रत्येक तुकडा कचकन फुटत होता. लोखंड असतं तर चपटं झालं असतं. विद्यार्थी गप्प झाले, मग हळूहळू घरी गेले. मी आमच्या स्वयंपाकघरात तो तुकडा ठेवला आणि रात्री कणीक मळताना त्याच्याकडे बघत राहिले. सगळं लोह त्या काळ्या काचेत होतं. सिलिकाशी बांधलेलं, फायालाइट म्हणून. सोन्यासारखं धातुक मी मळीला खाऊ घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका फोनवर म्हणाले, “तुम्ही आच लई देल्ली. भात मोठ्या आचेवर करपते मॅडम, शिजत नाही. गोट्याले शिजाले टाइमच नाही देल्ला.”

आता तो शब्द ऐकू आला.

कारण शुद्ध लोखंड वितळतं १,५३८ अंशांना, आणि आमची भट्टी १,२००-१,३०० च्या वर जात नाही. या भट्टीत लोखंड कधी वितळतच नाही! दगड घन राहतो आणि घन असतानाच त्यातला ऑक्सिजन काढून घेतला जातो. आणि तो काढतो कोळसा नव्हे, कोळशातून निघालेला वायू. नळीच्या तोंडाशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो, वरच्या लालभडक कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि तो वर चढत दगडाच्या भेगांत शिरतो. वरच्या भागात हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट, ५७० अंशांच्या पुढे मॅग्नेटाइटचं वूस्टाइट (त्याहून कमी ऑक्सिजनचं रूप), आणि आणखी खाली वूस्टाइटचं लोखंड. हे सगळं खाली उतरता उतरता, नळीच्या तोंडाशी पोचायच्या आत उरकायला हवं. माझा दगड पाच-पाच मिनिटांच्या घाईने वूस्टाइटच्या पायरीवरच गरम भागात येऊन पडला, तिथे त्याला वाळू-मातीतली सिलिका भेटली आणि दोघं मिळून वितळून गेले.

त्या दिवशी मला ज्या वायूची भीती वाटली, त्यानेच लोखंड होतं, ही गोष्ट सोळा वर्षं समीकरणात लिहूनही कधी अंगाला लागली नव्हती.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. भट्टीच्या छेदाला मिनिटाला साधारण ८०० लिटर हवा पुरे. त्यातला ऑक्सिजन १६८ लिटर, म्हणजे जेमतेम सात मोल. तो चौदा मोल कार्बनचा मोनॉक्साइड करतो: मिनिटाला १६५ ग्रॅम. दोन किलो कोळशात दीड-पावणेदोन किलो कार्बन, म्हणजे एक घाणी साधारण दहा मिनिटांत बसायला हवी. हवा मोजायचं यंत्र लागतच नाही, हातातलं घड्याळ पुरतं. घाणी सहा मिनिटांत बसली तर ब्लोअर कमी करा, पंधरा लागली तर वाढवा. तापमान मोजायला ११०० रुपयांचं थर्मोकपल घेतलं होतं, ते पहिल्याच दिवशी नळीसमोर घालून जाळलं. काकांचे डोळे जास्त भरवशाचे निघाले.

दार नव्याने लिंपलं, आतली भाजलेली भिंत खरवडली, पुन्हा वाळवलं. मधे संक्रांत गेली.

१९ जानेवारी २०२५. यावेळी मोजून सात माणसं. सव्वासहाला लाकडाचा जाळ. साडेआठला कोळसा काठोकाठ, १४ किलो, आणि ब्लोअर मंद. पावणेदहाला पहिली घाणी, धातुक फक्त अर्धा किलो. भट्टी पुरती तापलेली नसताना भरमसाट दगड टाकला तर खालचं सगळं थिजतं, म्हणून हळूहळू वाढवत नेलं: एक, एक, दीड, दीड, मग दोनच्या आसपास. एका विद्यार्थिनीने वहीत प्रत्येक घाणीची वेळ लिहिली. नऊ मिनिटं, दहा, अकरा, दहा. बाहेरून बघणाऱ्याला काहीही घडत नव्हतं. कंटाळवाणं काम, खरं सांगते. पण अकराच्या सुमारास भट्टीचा आवाज बदलला. फुरफुर होती, तिथे खालून दबका, लापशी खदखदावी तसा आवाज. काकांनी नळीच्या मागच्या झडपेतून डोळा लावला आणि म्हणाले, “बसलं खाली काहीतरी.”

पावणेबाराला दाराला खाली बारीक छिद्र पाडलं. नारिंगी मळी मधासारखी बाहेर आली आणि जमिनीवर तिची सुरकुतलेली जीभ झाली. थंड होताना ती टणटण आवाज करत तडकते, जवळ उभं राहू नका.

बारा घाण्या, २० किलो धातुक, एकूण ४२ किलो कोळसा. नंतर नुसता कोळसा जळू दिला. एकच्या सुमारास दार फोडलं आणि लांब सांडशीने काकांनी जे ओढून काढलं ते लोखंडासारखं अजिबात दिसत नव्हतं. पिवळं-पांढरं पेटलेलं, खडबडीत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं भोकाभोकाचं, फुलकोबीएवढं. लोखंडी घण मारायचा नाही, ते विखरेल. काकांनी ओल्या बाभळीच्या ठोकळ्याने हलके टोले दिले. प्रत्येक टोल्याला भोकांतून वितळलेली मळी पिचकारीसारखी उडत होती. तिसऱ्या-चौथ्या टोल्यापर्यंत आवाज बद्द येत होता, ओल्या चिखलावर मारल्यासारखा. मग एकदम आवाज बदलला. टण्ण नाही, पण घट्ट. काकांनी हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हाये.”

त्या गोळ्याचं वजन भरलं ३ किलो ९०० ग्रॅम. पुढे काकांनी दोन दिवस तो तापवून, ठोकून, घडी घालून पुन्हा ठोकून मळी काढली, तेव्हा राहिली २ किलो १०० ग्रॅमची पट्टी. २० किलो धातुकात १२ किलोंच्या वर लोह होतं, म्हणजे आम्ही जेमतेम सहावा हिस्सा काढला. बाकीचं मळीत. पण या पद्धतीत मळीचा वाटा सोडावाच लागतो, तीच वितळून गोळ्याला बांधून धरते. ग्राइंडरवर पट्टी लावली तर लांब, फिकट ठिणग्या आल्या, त्यांना फुलं फार कमी: म्हणजे कार्बन कमी, मऊ लोखंड. काकांनी त्याचा एक विळा करून पाहिला. धारेजवळ चीर गेली, आत मळीची रेघ राहिली होती. दुसरा खुरप्याच्या आकाराचा केला, तो टिकला.

मळीवर एका वैद्य मैत्रिणीचा डोळा होता. मंडूर भस्म याच लोहकिटापासून होतं. पण ते शंभर वर्षं जुनं असलं तर उत्तम मानतात, तेव्हा सध्या तिला नाही म्हणून सांगितलं आहे.

पैशांचा हिशोब: धातुक आणि वाहतूक ३,६७०, कोळसा ४,१४०, ब्लोअर २,७५०, माती-वाळू-अग्निमाती १,४४०, वायूचा गजर १,८५०, थर्मोकपल १,१००, हातमोजे-मुखकवच-चामडी एप्रन १,९००, चाळण्या-चुंबक ४५०, काकांची मजुरी ४,००० (आधी घेत नव्हते), चहा-जेवण ९००. किलोला दहा हजारांच्या वर पडलं. कॉलेजकडून परतावा मागायचा असेल तर कामाच्या आधी मंजुरी घ्या. मी नंतर अर्ज केला, अजून फिरतोय.

३ फेब्रुवारीला खनिकर्म कार्यालयात लेखी हिशोब दिला: आणलं ६०, वापरलं ३६, भुकटी १२, शिल्लक ९, घट ३. आवक क्रमांक टाकून प्रत परत मिळाली. तिची झेरॉक्स ते ९ किलो ज्या डब्यात आहे त्याच्या झाकणाला चिकटवून ठेवली आहे.

ब्लोअर परत आणायला मागच्या रविवारी गेले होते. तो काकांच्या भात्याच्या जागी बसलेला होता, खाली दोन विटा, वर पत्र्याचं छप्पर, आणि कमानपाट्याचा तुकडा आचेत. दुधाचा चहा झाला, खुरपं हातात घेऊन बघितलं, आणि ब्लोअरचं नाव न काढता परत आले.